डोंगर हलवून दाखवा!

खडकवाडीच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला निवृत्त इंजिनिअर ढवळेसाहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं, आणि साहेबांनी गळ्यात हार पडताक्षणी थेट बायबललाच हात घातला. “मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तर डोंगर हलतो म्हणे! मग खिडकीतून दिसतोय तो हलवून दाखवा, नाहीतर हे पुस्तक कायमचं मिटून ठेवा.”

पाळकबाबा नुसतेच घसा खाकरत राहिले. मागच्या बाकावरची तरणी पोरं खुसुखुसु हसायला लागली, तशी राहेलबाई पाठारेंना राहवेना. उभा जन्म त्यांनी त्याच डोंगराच्या खाणीत दगड फोडले होते.

“साहेब, तो हललाय की,” त्या उठून म्हणाल्या. “मी नवी नवरी होऊन आले तेव्हा केवढा होता! आता निम्मा उरलाय. थोडा ह्या भिंतींत आलाय, थोडा तुमच्या बंगल्याच्या जोत्यात बसलाय.”

“अहो बाई, तो विश्वासानं नाही, छिन्नी-हातोड्यानं हलला!”

“खरंय. पण एवढ्या थोरल्या डोंगराला पहिली छिन्नी लावायची, तर मोहरीएवढा तरी विश्वास लागतोच ना, साहेब?”

पाळकबाबांचा घसा एकदम मोकळा झाला. “आमेन!”