नऊशे ऐंशी

“मग उत्तम प्राध्यापक होतो तरी कशानं, सर?”

निवृत्त प्राध्यापक दाजी वैशंपायन ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा त्यांचाच जुना विद्यार्थी, मिलिंद खानापुरे. हॉलंडमधली नोकरी सोडून सरांच्याच कॉलेजात, सरांच्याच प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागलेला. विद्यापीठानं त्याला यंदाचा उत्कृष्ट शिक्षक ठरवलं होतं. तो पेढे घेऊन आला होता.

“पुरस्कार तुला मिळालाय. तूच सांग.”

मिलिंदनं मनापासून सांगितलं. आपल्याकडची मुलं प्रयोग करत नाहीत, पुस्तकातलं उत्तर बघून रीडिंग जमवतात. हे मोडायला तर तो परतला होता. फरजाना मुजावर नावाची एक मुलगी. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचा आकडा नऊशे ऐंशी यायला हवा, तिचा नऊशे चाळीस आला. तो रागावला नाही. पुन्हा कर म्हणाला. पुन्हा तेच. तेव्हा, नीट लक्ष देऊन कर, मी थांबतो, असं म्हणून तो संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ उभा राहिला.

“मग?”

“नऊशे ऐंशी आलं, सर. वर्गानं टाळ्या वाजवल्या.”

“आणि ती?”

“तिनं… वहीतलं नऊशे चाळीस खोडलं.”

दाजींनी शेंगांच्या पिशवीची सुतळी ओढली. तिला घराची किल्ली बांधली, सैल बोटांत धरून झोका दिला.

“मोज.”

“तुमचा हात हलतोय, सर. बरोबर येणार नाही.”

“प्रयोगशाळेतला लंबकाचा स्टँडही हलतो. पहिल्यापासून. त्यावर नऊशे ऐंशी येतच नाही.”

किल्ली झुलत राहिली…

“पण मग इतक्या वर्षांत कुणी…”

“तुझंही नऊशे ऐंशीच आलं होतं. मी दहापैकी दहा दिले.”

मिलिंदनं झुलती किल्ली हातानं थांबवली. मग म्हणाला, उद्याच्या तासाला तो सगळ्यांसमोर फरजानाची माफी मागेल. तिचा पहिला आकडाच खरा होता, असं सांगेल.

“सांग की.”

दाजींनी पुढची शेंग फोडली.

“ती म्हणेल, नाही सर, माझंच चुकलं होतं.”