आठ पाकळ्यांचं फूल

एकदा एक तरुण शिष्य डोंगरावरच्या मठाच्या अंगणात रागावून उभा होता. समोर पायरीवर एक वयस्क व्यापारी मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या हातातला चहा निवत चालला होता. खालच्या गावातून मठापर्यंत इंटरनेटची तार याच व्यापाऱ्याने आणली होती.

"लबाड आहात तुम्ही!" शिष्य म्हणाला. "सांगता एक आणि देता भलतंच!"

त्याचा जीव खरोखर कासावीस झाला होता. दूरच्या शहरात त्याची आई इस्पितळात होती. संध्याकाळी तिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती आणि त्याआधी तिला आपल्या मुलाचं पहिलं निरूपण ऐकायचं होतं. त्याचं चित्रीकरण होतं नऊशे मेगाबाइटचं आणि तारेचा वेग सेकंदाला आठ मेगाबिट. नऊशेला आठाने भागलं की झालं, दोन मिनिटांचंही काम नाही, असा शिष्याचा हिशेब. दोन मिनिटं उलटली की तो अस्वस्थ होई, आणखी जराशाने पाठवणं मधेच तोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. सकाळपासून हेच चाललं होतं. गणित चुकलं की माणूस आधी दुसऱ्याचा तराजू तपासतो. तसा त्याने व्यापाऱ्याला डोंगर चढायला लावला.

आवाज ऐकून वृद्ध गुरुजी बाहेर आले.

"आणखी एकदा पाठव," ते म्हणाले, "आणि माझ्याबरोबर ओढ्यावर चल. संगणक इथेच राहू दे."

"गुरुजी, तिकडे आई वाट बघतेय. ओढ्यावर काय आहे?"

"फुलं आहेत."

गुरूंचा शब्द मोडवेना, म्हणून त्याने पुन्हा पाठवणं सुरू केलं आणि तो निघाला. ओढ्याकाठी कॉसमॉसची गुलाबी फुलं वाऱ्यावर डुलत होती. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं आणि पाणी झोपेत बोलल्यासारखं पुटपुटत होतं. गुरुजींनी त्याला खालच्या वळणावर बसवलं, स्वतः वर बसले आणि एकेक पाकळी सोडू लागले. शिष्य ती ओंजळीत झेली आणि ओल्या खडकावर ठेवी. आधी तो सारखा मागे मठाकडे बघत होता. मग पाकळी यायची, ती झेलायची, पुढचीची वाट पाहायची, एवढंच जगात उरलं. आपण इथे किती वेळ बसलो आहोत हेही त्याला उमजेना.

"किती फुलं पोचली?" वरून आवाज आला.

"फूल एकही नाही, गुरुजी. नुसत्या पाकळ्या आहेत."

"मग त्यांची फुलं मांड बरं."

त्याने एक ताजं फूल न्याहाळलं. त्याला आठ पाकळ्या होत्या. खडकावर आठ-आठ पाकळ्या गोल मांडता मांडता त्याचा हात एकाएकी थांबला.

गुरुजी हळूहळू उतरून त्याच्याजवळ आले. "त्या तारेतून अखंड फूल जात नाही, बाळ. एकेक पाकळी जाते. तिला बिट म्हणतात. आठ बिटं जुळली की एक बाइट होतो. वाटेचा वेग पाकळ्यांत सांगतात आणि ओझं फुलांत मोजतात. तू पाकळ्यांच्या आकड्याने फुलं भागलीस. सेकंदाला आठ पाकळ्या म्हणजे फूल एकच. तुझ्या नऊशे फुलांना पंधरा मिनिटं हवीत, आणि तू तिसऱ्या मिनिटालाच प्रत्येक हार तोडत होतास. शेठजींनी तार जोडली त्याच दिवशी हे समजावलं होतं. तू आकडा ऐकलास आणि उठून गेलास."

शिष्याला फार लाज वाटली. मठात परतताच तो थेट पायरीपाशी गेला आणि व्यापाऱ्यापुढे वाकला.

"मला क्षमा करा, शेठजी. तुम्ही खरं तेच सांगितलं होतं."

"आधी आत जाऊन बघा तर," व्यापारी म्हणाला.

आत संगणकावर सगळं पोचल्याची खूण दिसत होती. खाली आईचा निरोप होता: 'ऐकते आहे रे. डोळे मिटून ऐकते आहे. फार गोड बोलतोस. फक्त जरा हळू बोलत जा, बाळा.'

तो वाचून शिष्याचे डोळे भरून आले आणि त्याला हसूही आलं. मग त्याने चूल पेटवली आणि व्यापाऱ्यासाठी नवा चहा ठेवला.

समोरच्याला खोटं ठरवायला जीभ उचलण्याआधी एवढं विचारावं, की तो पाकळ्या मोजतो आहे आणि आपण फुलं, असं तर नाही ना?