रावसाहेबांची अर्धी किल्ली

“जे कुलूप फुकट मिळतं आणि ज्याची घडण जगजाहीर आहे, ते कसलं डोंबलाचं कुलूप!” भर बैठकीत रावसाहेब खराडे कडाडले.

रावसाहेब म्हणजे दूध संघाचे अध्यक्ष. तालुक्यातल्या दुधाची, फॅटची सगळी नोंद संघाच्या सर्व्हरवर आणि त्या सर्व्हरची राखण हर्षला ढवणकडे. तिने त्यावर बसवलेली झाडून सगळी साधनं ओपन सोर्सची, म्हणजे कुणीही आतून वाचून पाहावीत, चूक दिसली तर सुधारावीत अशी. रावसाहेबांना हेच खटकायचं. महाग ते चांगलं, ही त्यांची पक्की समजूत!

“साहेब, संकलन केंद्रावर दुधातलं फॅट मोजायचं मशीन शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवायला कुणी लावलं?” हर्षलाने विचारलं.

“मीच! सगळ्यांनी बघितलं की लबाडी चालत नाही.”

“मग माझं कुलूपही सगळ्यांनी बघितलेलंच आहे. घडण उघडी, किल्ली तेवढी झाकलेली.”

संचालक मिशीतल्या मिशीत हसले. झालं! साहेबांचा पारा चढला.

“असं? मग आत्ता, सगळ्यांसमोर मी तुझ्या सर्व्हरमध्ये शिरून दाखवतो. शिरलो, तर तुझी फुकटची साधनं बाहेर आणि त्यांच्यामागून तूही!”

आत्ता कुठे हर्षला नोकरीत कायम झाली होती. पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. “या ना साहेब, बसा.”

रावसाहेबांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि पासवर्ड ठोकला : पाखऱ्या. हा त्यांचा शर्यतीचा लाडका बैल. मोबाइलला, ईमेलला, सगळीकडे साहेबांचा पासवर्ड हाच, आणि ते तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! नाही चाललं. पुन्हा टाकला, जरा जोरात दाबून. मग पाखऱ्याच्या आईचं नाव टाकून पाहिलं. आता तर पडद्यावर काही हलेचना.

“काय झालं याला?”

“चुकीचा पासवर्ड कुणी सारखा ठोकत राहिलं, की माझं एक साधन त्याला दारातूनच हाकलतं. तुम्हाला तासभर बंदी आहे साहेब!”

उपाध्यक्षांना चहाचा ठसका लागला.

आता मात्र रावसाहेब हट्टालाच पेटले. “ठीक आहे! अध्यक्ष म्हणून हुकूम देतो, मला आत घे. हुकूम मोडलास तर नोकरी गेली. आणि सर्व्हरचं दार जो कुणी उघडेल, त्याची खुर्ची त्याच क्षणी गेली! मग तो कुणीही असो!”

आता हर्षलाने उघडावं तरी पंचाईत, न उघडावं तरी पंचाईत!

हर्षला उठली. गळ्यातल्या ओळखपत्राला अडकवलेला पेनड्राइव्ह तिने आपल्या कॉम्प्युटरला लावला, चार बटणं दाबली आणि बाजूला झाली. “हुकूम पाळला साहेब. माझी किल्ली फिरवली.”

“मग दार का उघडत नाही?”

“आपल्या तिजोरीला किल्ल्या किती?”

“दोन. एक व्यवस्थापकाकडे, एक माझ्याकडे. संघ निघाल्यापासूनची रीत आहे ती.”

“सर्व्हरलाही मी तीच रीत लावली. अर्धी किल्ली माझ्याकडे, अर्धी तुमच्याकडे.”

“माझ्याकडे? कधी दिलीस?”

“खंडेनवमीला सर्व्हरची पूजा केलीत, तेव्हा प्रसादाबरोबर हातात ठेवली होती. जपून ठेवा म्हटलं होतं.”

रावसाहेबांनी खिशातून गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक चिमुकला पेनड्राइव्ह लटकत होता, अजून हळद लागलेला! कुण्या कंपनीची भेटवस्तू समजून साहेब तो गावभर मिरवत होते.

“लावा की,” हर्षलाने अदबीने जागा करून दिली. “दार लगेच उघडेल. उघडणारे तुम्ही. आणि उघडणाऱ्याची खुर्ची…”

“गेली!” संचालक एका सुरात ओरडले.

रावसाहेबांचा हात तिथेच थबकला. त्यांनी पेनड्राइव्हकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि जे हसत सुटले, ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर!

“पोरी, माझ्याच किल्लीने मला बाहेर कोंडलंस की गं! माग, काय हवं?”

“सर्व्हरच्या खोलीत एसी. उन्हाळाभर सांगतेय साहेब.”

“माझ्या केबिनमधला काढा रे, आणि बसवा तिकडे! आणि त्या पाखऱ्यालाही आता रजा. पासवर्ड बदलतो.”

“नवा काय ठेवणार साहेब?”

रावसाहेबांनी जुडगा खिशात घातला, वरून हात दाबून धरला आणि मिस्कीलपणे म्हणाले, “तुला कशाला सांगू?”