अनसाचा फाटका कान

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. बोरमाळ गावात तेव्हा वीज नव्हती, आणि पायानं चालवायचं शिलाई मशीन अख्ख्या गावात एकच, तेही अनसा शिंपिणीच्या ओसरीवर. पोलकं असो, अंगडं-टोपडं असो, नाहीतर बैलाची झूल असो, अनसाच्या शिवणीतून पाणीसुद्धा झिरपत नसे, असं म्हणतात. फाटकं म्हणून तिला बघवायचंच नाही. रस्त्यानं जाणाऱ्याची बाही उसवलेली दिसली की ती हाक मारायची, "आरं बाबा, हुभा ऱ्हा जरा," आणि अंगावरच टाका घालून द्यायची.

नवरा तरुणपणीच गेला. पोटी लेकरू नाही. नवऱ्याचा फोटो कुणी काढलेला नव्हता, आणि हळूहळू त्याचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून पुसला गेला. आधी कपाळ गेलं, मग हनुवटी. शेवटी नुसत्या मिशा राहिल्या. आपण त्याचं तोंडसुद्धा जपलं नाही, ह्याचं बिचारीला फार वाईट वाटायचं.

घरात उरला हळद्या. खंडोबाच्या जत्रेतून मागं मागं आलेलं पिवळं गावठी कुत्रं. एकदा बाजाराहून परतताना माळावर लांडगा अनसाच्या अंगावर आला, तेव्हा हा हळद्याच मधे पडला. लांडगा पळाला, पण हळद्याचा डावा कान शेंड्यापासून मुळापर्यंत फाटला. अनसानं जखमेत हळद दाबली, सुईत दोरा ओवला, पण सुई कानाशी नेऊन ती थांबली. जित्या कानात सुई कशी घालायची? नाही धजली बाई. कान तसाच भरून आला, दुभंगलेला. गावाचं सगळं फाटकं शिवणारी ती, आणि तिच्यापायी फाटलेला तेवढा कान शिवायचा राहून गेला.

पुढं हळद्या म्हातारा झाला. डोळ्यांवर पडदा आला. भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागायची. अनसाला एकच घोर लागला. आता हाही जाणार, आणि ह्याचंही तोंड आपण विसरणार!

मशीन दुरुस्त करणारे दस्तगीरचाचा वर्षाकाठी सायकलवरून गावात यायचे. तिनं त्यांना विचारलं, "चाचा, मशीनवर कुत्र्याचं तोंड काढता येतंय का वो?"

"येतंय की, आक्का. पण आजवर शिकलाय ते समदं इसरायचं."

चाचांनी कापडाला दाबून धरणारा मशीनचा पाय काढला. कापड पुढं सरकवणारे दात खाली बसवले, आणि कापड लाकडी रिंगीत ताणून बसवलं. "आता मशीन कापड वढणार न्हाई. सुई जागच्या जागी खालवर व्हनार. कापड फिरवायचं तुमी, तुमच्या हातानं."

बोलायला काय जातंय! अनसाच्या पायानं वेग घेतला की हात मागं राही, हाताला घाई झाली की दोरा तुटे, सुई मोडे. शेजारची पारूबाई डोकावून म्हणायची, "अगं अनसे, ह्ये रानडुक्कर कुनाचं काढलंस?" सगळी आळी हसायची. अनसा नाही हसायची. ती प्रत्येक तुकडा हळद्याच्या नाकापुढं धरायची. हळद्या हुंगायचा आणि मान फिरवायचा.

एका दुपारी थकून ती हळद्याशेजारी बसली, त्याच्या अंगावरून हात फिरवत. फिरवता फिरवता हात थांबला. कपाळावरून हात मागं जातो, गालावरून खाली, आणि गळ्याशी लव भोवऱ्यासारखी वळते. अगंबाई, मग कापडही तसंच फिरवायचं की! ती उठली, डोळे मिटले, आणि कुत्र्याला कुरवाळावं तशी रिंग फिरवायला लागली. सुईखालून हळद्या उमटत गेला. त्या चित्रातलं नाक हाताला ओलं लागायचं, असं म्हणतात.

आळी गोळा झाली. पारूबाईनं गालावर बोट ठेवलं. "कुत्रं झ्याक हाय गं बाई. पन कुनाचं म्हनायचं?"

हळद्यानंही हुंगलं आणि मान फिरवली.

अनसानं तुकडा उजेडाकडं धरला. तिनं नीट पाहिलं. चित्रातले दोन्ही कान धड होते! जातीची शिंपीण ती. फाट दिसली आणि हातानं आपसूक शिवून टाकली. इतक्या वर्षांची रुखरुख दोऱ्यातून उतरली होती, आणि तिथंच हळद्या हरवला होता.

तिनं कात्री घेतली. आपल्या हातानं घातलेला टाका तिनं जन्मात कधी कापला नव्हता. पारूबाई ओरडली, "अगं, येडी का खुळी!" पण अनसानं शेंड्यापासून मुळापर्यंत कान कापला. डोळ्यांतून धारा लागलेल्या. "तुझा कान शिवला न्हाई म्हनून लई रडले रं," ती म्हणाली. "आता नगं शिवायला. तू असाच माझा."

तुकडा तिनं हळद्यापुढं धरला. त्या आंधळ्या जिवानं हुंगलं, शेपूट हलवली, आणि तो दुभंगलेला कान तो चाटायला लागला. चाटतच राहिला. आता सांगा, स्वतःचा कान कुठल्या कुत्र्याला चाटता येतो? पण हळद्यानं त्या दिवशी चाटला, असं म्हणतात.

थोड्याच दिवसांत तो गेला. अनसानं चित्र दाराला लावलं, आणि ते होतं तोवर लांडगा बोरमाळाच्या वेशीपर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. खरंखोटं खंडोबा जाणे. एवढं मात्र खरं, की हळद्याचं तोंड अनसा मरेपर्यंत विसरली नाही.

आजही बोरमाळात पोरगी मशीनवर भरतकाम शिकायला बसली की आधी फूल काढत नाही, वेल काढत नाही. आपल्या घरचं जनावर काढते. शेळीचं शिंग मोडकं असेल तर मोडकं, मांजर काणं असेल तर काणं. मग चित्र त्या जनावरापुढं धरायचं, आणि त्यानं ओळखलं तरच शिकणं पुरं झालं. पुढं ती कितीही तरबेज होवो, प्रत्येक भरतकामात बोटाच्या पेराएवढी एक फाट ती तशीच सोडते. नव्यानं नांदायला आलेली एखादी सून ती फाट बघून सुई उचलते. तेव्हा सासू तिचा हात धरते.

"ऱ्हाऊ दे, बाई," ती म्हणते. "त्यो अनसाचा कान हाय."