सहा नावे आणि एक पूर्णविराम

करवंदीच्या रानाकाठच्या वाडीत तापाची साथ आली आणि शाळेला कुलूप लागले. शेवंतीची आई त्या तापात गेली. आता धाकटा गोपू अंथरुणावर निखाऱ्यासारखा फणफणत होता. बाबा त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसले होते, म्हणून आठ वर्षांची शेवंती एकटीच गुळवेल आणायला रानात निघाली. रोजच्या सवयीने तिने वेणीत पेन्सिल खोचली होती.

रानात पिवळीधमक, जांभळी फुले डुलत होती, पण तिचे लक्षच नव्हते. इतक्यात बारीक कण्हणे ऐकू आले. पडलेल्या फांदीखाली बोटाएवढी परी अडकली होती. तिचे इवले मोरपंखी पंख चिरडत चालले होते.

शेवंतीने खांद्याने फांदी जराशी उचलली आणि खाली पेन्सिलीचा टेकू लावला. तिरपी लावली, तशी ती करकरली. सरळ उभी केली, तेव्हा एवढ्याशा पेन्सिलीने सारा भार पेलला. शेवंतीने परीला अलगद बाहेर ओढले, तोच फांदी कलंडली आणि पेन्सिल कडकन मोडली.

परीने आपल्या पंखाचा एक चंदेरी पापुद्रा तिच्यापुढे धरला.

"बाळ, तुला एक इच्छा देते. याच पेन्सिलीने यावर लिही. ज्यांची नावं लिहिशील, त्यांना ती फळेल. पण पेन्सिलीला पुन्हा टोक करायचं नाही. पूर्णविरामाआधी शिसं तुटलं, तर कुणालाच काही मिळणार नाही."

"आईचं नाव लिहू?"

परीने मान खाली घातली. "गेलेल्यांपर्यंत माझी इच्छा पोचत नाही, राणी."

शेवंतीने डोळे पुसले. तुकड्याला ज्वारीच्या दाण्याएवढे टोक उरले होते. तिने लिहिले, 'यांचा ताप उतरू दे: गोपू'.

"आता पूर्णविराम दे," परी म्हणाली. "आतलं शिसं तडकलंय."

शेवंतीचा हात थांबला. वाडीत आणखी पाच मुले तळमळत होती. सकाळीच महादूची आई, धोंडूकाकी, विहिरीवर रिकामी घागर घेऊन रडत बसली होती.

"बाकीच्यांची लिहिली आणि तुटलं, तर गोपू..."

"तर गोपूलाही नाही," परी हळूच म्हणाली.

शेवंती कितीतरी वेळ नुसती रडली. मग पेन्सिल उभी धरून, जराही दाब न देता लिहू लागली. मंजुळा, रावजी, सखू, भिकू. महादूच्या 'दू'ला शिसे हलले. तिने श्वास रोखला आणि पूर्णविराम टेकवला.

पापुद्रा सोन्यासारखा उजळला. "जा, घरी वाट बघतायत," परी म्हणाली आणि त्या कोवळ्या उजेडात विरघळून गेली.

घरी गोपू उठून बसला होता, पेज मागत होता. आणखी चार घरांतला ताप उतरला. महादू मात्र तिने नाव लिहिण्याआधीच गेला होता.

शेवंती धोंडूकाकीच्या ओसरीवर गेली. "काकी, मी त्याचंही नाव लिहिलं होतं," ती म्हणाली.

काकीने तिला जवळ ओढले. सकाळपासून तिने तोंडात काही घेतले नव्हते. शेवंतीच्या हातून ती दोन घोट पाणी प्यायली.