सरा गं बायांनो

बोरखळीत पिठाची गिरणी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, बरं का. तेव्हा गावात येसूमावशी नावाची एक एकटी बाई राहायची. लोकांची दळणं दळून पोट भरायची. दळण झालं, की जात्याच्या कडेला राहिलेलं मूठभर पीठ ती मुंग्यांच्या बिळापाशी नेऊन ठेवी. लोक हसायचे. पण घरात मुंग्या झाल्या, की त्याच लोकांचे पाय तिच्या दाराकडे वळायचे. ती उंबऱ्यापासून शिवारापर्यंत पिठाची रेघ ओढी आणि मुंग्या त्या रेघेनं गुमान चालू लागत, असं म्हणतात.

गावची एक रीत होती. कढत पाणी बाहेर ओतायचं, तर आधी भुईतल्या मुंग्यांना तीनदा "सरा गं बायांनो" म्हणायचं आणि मग दमानं ओतायचं. चंद्रभागा नवी बाळंतीण, लेक सव्वा महिन्याची. एके दिवशी न्हाणीमागच्या बिळातून मुंग्यांची रांग निघालेली दिसली आणि तिचं डोकं फिरलं. तिनं हंडाभर उकळतं पाणी, एक शब्द न बोलता, थेट बिळात ओतलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मुंग्या घरात आल्या. चंद्रभागेनं राख टाकली, हळद टाकली, पाळण्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. पुढच्या मुंग्या पाण्यात पडल्या आणि मागच्या त्यांच्या अंगावरून वर चढल्या. लेकीला एकही चावली नाही. प्रत्येकीच्या तोंडात एक मेलेलं पांढरं अंडं होतं, आणि ती अंडी मुंग्या लेकीच्या उशाशी एकेक करून मांडत होत्या. झटकली, की पुन्हा मांडत. लेक रडेना, दूध ओढेना. तिचे तळवे गार पडत चालले, तशी चंद्रभागा येसूमावशीकडे धावली.

मावशी सूपभर पीठ घेऊन आली. पाळण्यात बघून तिनं विचारलं, पाणी सांगून ओतलंस का? चंद्रभागा मान खाली घालून हो म्हणाली. मावशीनं रेघ ओढली, पण एक मुंगी हलली नाही. मावशी रागावली नाही, नुसती बसून राहिली. लेकीचे ओठ निळे पडले, तेव्हा चंद्रभागेनं मावशीचे पाय धरले.

"न्हाई सांगितलं, मावशे. आत त्यांची पिल्लं असतील, हे ध्यानातच आलं न्हाई माझ्या."

"मला नगं सांगूस. त्यांना सांग."

चंद्रभागा भुईवर वाकली आणि तिनं रडत रडत मुंग्यांना सगळं सांगितलं. मग रांग हलली. आपापली अंडी उचलून त्या पाळण्यातून उतरल्या. मावशी वाकून रेघ ओढत पुढे आणि त्या मागे. बांधापाशी पीठ संपलं. चंद्रभागा उंबऱ्यातून बघत होती. मावशीनं रिकामं सूप खाली ठेवलं आणि पिठानं माखलेले दोन्ही हात भुईला टेकवले. मुंग्या त्या हातांवर चढू लागल्या. तेवढ्यात पाळण्यात लेक रडली.

लेकीला पदराखाली घेऊन चंद्रभागा परत दारात आली, तर बांधावर फक्त सूप होतं आणि दोन पांढरे हात उमटलेले होते, असं म्हणतात. येसूमावशी पुन्हा कुणाला दिसली नाही.

आता गिरणी आली, जाती परसात उलटी पडली. पण बोरखळीतली बाई अजूनही कढत पाणी ओतण्याआधी तीनदा म्हणते, "सरा गं बायांनो, सर गं येसू." मग ती थांबते. भुईखालून जात्याची घरघर ऐकू आली, की समजायचं, पिल्लं उचलून सगळ्या सरल्या. नाही ऐकू आली, तर ती पाणी निवेपर्यंत तिथंच उभी राहते, मग कडेवरचं मूल कितीही रडो.