गूळभाताचा घास

खरं सांगतो, ही गोष्ट घडलेली आहे. शब्दाला शब्द. मी स्वतः तिथं होतो.

म्हणजे, मी नव्हतो. माझा मावसभाऊ होता. तो एका कानानं बहिरा आहे, पण त्या दिवशी त्याचा चांगला कान बुवांच्या बाजूला होता. तेव्हा शंका घेऊ नका.

माणसं खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. त्यांची बोली माझ्या लेखणीला पेलत नाही, म्हणून इथं ती माझ्यासारखी बोलतील. फरक तेवढाच.

“मग हात धुवायचे तरी कशानं तिनं?”

हे वाघोजीबुवांनी विचारलं. टेकडीवरच्या मठातले बुवा. नाव वाघोजी, आणि जन्मात मुंगी चिरडलेली नाही. त्यांच्या मठातलं मांजर भाकरी खायचं आणि एकादशीला तीही नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दिवसा.

समोर हिराजी नाखवा बसला होता. गळ्यात तुळशीची माळ. अकरा वर्षांपूर्वी याच बुवांनी घातलेली. तेव्हापासून त्याच्या तोंडात मासळी नाही आणि होडीला त्याचा पाय नाही.

त्याच्या मांडीला टेकून त्याची मुलगी रुक्मी. सात वर्षांची.

“राख आहे, चिंच आहे,” हिराजी म्हणाला. “धुते की पदी हात. पण मासळी विकणाऱ्या बाईचे हात ते. वास जात नाही. पोरीला येतो, त्याला मी काय करू?”

“मग पोर काय करते?”

“आईच्या हातचं खात नाही. पाणीसुद्धा घेत नाही. दोन महिने झाले.”

हे सांगताना त्याचा आवाज खाली यायला हवा होता. तो वर गेला.

“घरात सहा माणसं, बुवा. बायको, दोन मुलगे, सून, चौघं मासळीत बुडालेली. मी एकटा तरलो होतो. आता ही तरली. हिला माळ घाला.”

बुवा रुक्मीकडे वळले.

“तू कधी सोडलंस गं मासे?”

“बाबा एकटे जेवायचे,” रुक्मी म्हणाली.

...

ते खरं होतं. माळ घातल्यापासून हिराजी ओट्यावर जेवत असे. मध्ये जुन्या शिडाचं कापड टांगलेलं. त्याची चूल वेगळी, टोप वेगळा, पाटा वेगळा. आत तव्यावर तुकड्या चुरचुरायच्या, मुलगे काहीतरी बोलायचे, सून खुदकन हसायची. बाहेर हा, वरणभात, आणि कठड्यावरचा कावळा.

एकदा हसू फारच मोठं आलं. हिराजीनं आतल्या बाजूला विचारलं, “काय झालं रे?” कुणाला ऐकू गेलं नाही.

रुक्मी चार वर्षांची असताना आपली थाळी दोन्ही हातांनी धरून शिडाखालून बाहेर आली आणि त्याच्याशेजारी बसली. तुकडी तिनं आतच ठेवली होती.

त्या दिवशी हिराजीनं दोनदा भात घेतला.

“मी बोलावलं नव्हतं, बुवा,” तो म्हणाला.

“आत जा म्हणालास?”

“...नाही.”

“आणि वास? तो कधी यायला लागला?”

रुक्मीनं बापाकडे पाहिलं. बापानं जमिनीकडे.

“मी एकदा पदीला म्हटलं होतं, माझ्या ताटाला तो हात लावू नकोस. पोर बाजूला होती. पण एकदाच म्हटलं.”

“गळसुद्धा एकदाच लागतो,” बुवा म्हणाले.

...

त्या मठाची एक रीत होती. ज्याला माळ घालायची त्याला आधी आईनं आपल्या हातानं गूळभाताचा एक घास भरवायचा. आई नसली तर मावशीनं, मावशी नसली तर शेजारणीनं. घास पोटात गेल्याशिवाय माळ गळ्यात नाही. असं का, ते बुवांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या गुरूनं त्यांना सांगितलं नव्हतं.

“तुला माळ घातली तेव्हा कुणी भरवलं होतं?” बुवांनी विचारलं.

“आईनं.”

“काय करायची ती?”

“बोंबील सुकवायची.”

“हाताला वास होता?”

खालून खाडीचा वारा आला.

“होता.”

“मग खाल्लास कसा?”

“तो... आईचा वाटायचा.”

मग हिराजी सावरला. मान ताठ करून म्हणाला, “पण ते अज्ञान होतं, बुवा. तेव्हा मला कळत नव्हतं.”

“आणि हिला कळतं?”

“हो. माझ्याहून लवकर कळलं.”

“बोलाव पदीला,” बुवा म्हणाले.

पदीबाय टेकडीच्या पायथ्याशी थांबली होती. वर आली ती पायरीवरच उभी राहिली. त्या दिवशी तिनं बाजार केला नव्हता. सकाळपासून तीन अंघोळी झाल्या होत्या. हात राखेनं घासले होते, मग चिंचेनं, मग नारळाच्या काथ्यानं आणि वाळूनं. बोटं लाल झाली होती. पेरांवर चिरा पडल्या होत्या.

एकादशी करणारं ते मांजर कुठूनसं आलं आणि तिच्या पायांत घोटाळू लागलं. अंग घासतंय, गुरगुरतंय.

“बघा,” पदी म्हणाली. “मठात कुणालातरी मी आवडले.”

बुवा हसले. हिराजी हसला नाही.

“बुवा, माझ्या हाताचा नाखव्याला वास येतो,” ती म्हणाली. “त्याच हातानं आणलेल्या तांदळाला येत नाही. तांदूळ नशीबवान.”

“इथं तरी भांडू नकोस,” हिराजी म्हणाला.

“भांडते कुठं? घरी तर मध्ये शीड असतं.”

मग ती रुक्मीकडे बघत राहिली. रुक्मीच्या दोन वेण्या हिराजीनं घातल्या होत्या. एक वर, एक खाली. टोकाला रिबिनीची जाळ्याची गाठ, ओढावी तेवढी घट्ट होणारी.

“बुवा, माळ घाला,” पदी म्हणाली. “मी नको म्हणत नाही. सोडू दे तिला मासळी. जन्मभर सोडू दे. तिच्यापुरती चूल मी मांडून देते, त्या चुलीवर मासळीचा टोप चढणार नाही. पण मला...”

तिनं बोटं पदराला पुसली.

“मला तिच्या वेण्या घालू देत. दोन महिने झाले, डोक्याला हात लावू देत नाही. त्या गाठी सोडवायच्या तरी कशा, सांगा. एक दिवस कात्रीनं केस कापावे लागतील पोरीचे.”

बुवा उठून आत गेले.

बुवांनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर गूळभात आणला आणि पदीच्या हातात दिला. बुवांच्या दुसऱ्या हातात नवी माळ होती, बारीक मण्यांची, मुलीच्या गळ्याच्या मापाची.

पदी पायरीवर बसली. तिनं भात कालवला, छोटा घास केला, त्यावर फुंकर घातली. गार होता, तरी घातली.

“घे, बाय.”

रुक्मीनं घासाकडे पाहिलं. मग हाताकडे. मग बापाकडे.

“खा गं,” हिराजी म्हणाला.

आणि रुक्मीनं तोंड उघडलं.

घास खाल्ला. चावला. गिळला. बोटाला चिकटलेला गूळसुद्धा चाटला. पदी असं हसली की मांजर दचकून पळालं. तिनं पोरीला तिथल्या तिथं मांडीत ओढलं, दातानं जाळ्याच्या गाठी सोडवल्या आणि दोन्ही वेण्या सारख्या घालून दिल्या. संध्याकाळी हिराजीनं शीड खाली उतरवलं. एका पंगतीत सहा माणसं बसली, चौघांच्या पानात मासळी आणि दोघांच्या पानात वरण, आणि धाकट्या मुलानं काहीतरी सांगितलं त्यावर हिराजी इतका हसला की त्याला ठसका लागला.

...

हे वाचून ज्यांना बरं वाटलं त्यांची मी माफी मागतो.

“खा गं”पासून ठसक्यापर्यंतचं मी रचलेलं आहे. मावसभाऊ खरा, त्याचा बहिरा कान खरा, मांजरही बरंचसं खरं. एवढाच भाग खोटा. मावसभावानं सांगितलं तसं सांगायला माझी जीभ वळेना, म्हणून मी वाट बदलून पाहिली.

झालं ते असं.

हिराजी “खा गं” म्हणाला नाही. रुक्मीनं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो खाडीकडे बघत होता.

रुक्मीनं ओठ मिटले. मग नाकावर हात धरला.

पदीचा हात तसाच पुढे राहिला. किती वेळ, ते मावसभावाला सांगता येत नाही. तो म्हणतो, भाताची दोन शितं खाली पडली तरी तिनं हात मागे घेतला नाही.

“गूळ आहे, बाय,” ती एकदा म्हणाली. “नुसता गूळ आहे.”

...

मग तिनं घास पानावर ठेवला, पान दुमडलं, उठली. जाताना पायऱ्यांपाशी पाण्याचा रांजण होता. तिथं थांबून तिनं पुन्हा हात धुतले. ते पाणी बराच वेळ वाजत होतं. मग ते थांबलं आणि टेकडी उतरणारी तिची पाठ दिसली.

हिराजीनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचा ऊर भरून आला होता.

“पाहिलंत, बुवा? पोरगी पक्की निघाली. आईपुढेसुद्धा डगमगली नाही. रीत राहून गेली, पण मन तर दिसलं. आता घाला माळ.”

बुवांनी माळ मुठीत मिटली.

“हिरा, हिच्या अंगावरचं दूध कधी तुटलं?”

हिराजीला प्रश्न कळला नाही. त्यानं आठवून सांगितलं, “दोन वर्षांची होती तेव्हा.”

“नाही,” बुवा म्हणाले. “आत्ता तुटलं.”